पत्ता मकरपुऱ्याचा, वायफाय म्हणतं चीन: अ‍ॅक्सेस पॉइंटचा चुकलेला देश दुरुस्त कसा करायचा

सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडला की वायफाय झकास. जेवून आल्यावर झाकण उघडलं की आपल्या नेटवर्कचं नाव यादीतून गायब. शेजारच्या टेबलावरच्या फोनवर मात्र तेच नेटवर्क सगळ्या काड्या भरून दिसतंय. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात हा खेळ तीन आठवडे चालला. मी काही नेटवर्क इंजिनियर नाही, खरेदी बघतो. पण ऑफिसात संगणकाच्या मागच्या वायरींना हात लावायला न घाबरणारा मी एकटाच, म्हणून हे गळ्यात पडलं.

तीन आठवड्यांत आम्ही काय नाही केलं? अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचं प्रसारण करणारा डबा) भिंतीवरून काढून छताला लावला. केबलची टोकं कापून कनेक्टर नव्याने बसवले. पावसाला दोष दिला, पत्र्याच्या शेडला दोष दिला. इलेक्ट्रिशियनभाई दोनदा आले, ‘थई जशे, चिंता ना करो’ म्हणाले आणि दोन्ही वेळा चहा घेऊन गेले. अकाउंट्सच्या काकांनी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जीएसटीचं रिटर्न भरलं आणि रिचार्जची पावती गुपचूप माझ्या टेबलावर ठेवली.

शेवटी ड्रॉइंग काढणाऱ्या मुलीच्या मॅकबुकवर एक ओळ सापडली. कंट्री कोड: सीएन. म्हणजे चीन. मकरपुऱ्यात बसलेल्या त्या लॅपटॉपची पक्की खात्री होती की आपण चीनमध्ये आहोत. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन रेडिओपट्ट्यांवर चालतं, आणि पट्ट्याच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यांना चॅनेल म्हणतात. चीनमध्ये ५ गिगाहर्ट्झमधले १०० ते १४४ हे चॅनेल वायफायला चालत नाहीत, आणि आमचं नेटवर्क बसलं होतं १०८ वर. कायद्याला घाबरणाऱ्या त्या लॅपटॉपने १०८ कडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तुमच्याकडे असं काही होत असेल तर छत-भिंती सोडा आणि खालच्या क्रमाने जा. अ‍ॅक्सेस पॉइंटला पुढे मी एपी म्हणतो. आज्ञा आणि कोड उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं वापरायची.

१. आधी समजून घ्या: वायफायला देश कशाला लागतो

प्रत्येक देशाचे नियम वेगळे. कोणते चॅनेल वापरायचे आणि किती ताकदीने प्रसारण करायचं हे त्या त्या देशाचं सरकार ठरवतं. २.४ गिगाहर्ट्झवर आपल्याकडे १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत व्यवहारात १ ते ११. ५ गिगाहर्ट्झवर जपानमध्ये १४९ च्या पुढचे चॅनेल वायफायला नाहीत, चीनमध्ये मधला पट्टा नाही. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढा, म्हणजे एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला. त्यामुळे ३६ ते ६४, १०० ते १४४ आणि १४९ ते १६५ हे सगळे चॅनेल आपल्याला चालतात.

आता गोम अशी की एपीला किंवा लॅपटॉपला आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे स्वतःहून कळत नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागतं. सांगणारे चारजण असतात: कारखान्यात त्याच्या आत लिहून ठेवलेला कोड, तुम्ही सेटिंगमध्ये निवडलेला देश, इंटरनेटचा आयपी पत्ता, आणि आजूबाजूच्या दुसऱ्या एपींची बडबड. यांतला एकजण खोटं बोलतो आणि सगळी घडी बिघडते. आपलं काम तो कोण हे शोधायचं, बस.

२. दुखणं देशाचंच आहे ना, ते पाहा

ही लक्षणं असतील तर पुढे जा:

- एका उपकरणाला नेटवर्क दिसतं, त्याच टेबलावरच्या दुसऱ्याला दिसत नाही.
- २.४ चं नाव दिसतं, ५ चं दिसत नाही. किंवा कधी दिसतं, कधी नाही.
- एपीच्या सेटिंगमध्ये चॅनेलची यादी आखूड आहे, १४९ किंवा १३ निवडायलाच मिळत नाही.
- एपीची ताकद कारण नसताना कमी झाली आहे.
- परदेशातून आणलेल्या वस्तूलाच त्रास होतो, बाकी सगळं ठीक.

नेटवर्क दिसतं, जोडलंही जातं, पण इंटरनेट चालत नाही, असं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. ते दुखणं वेगळं.

फोन आणि लॅपटॉप यांत फरक का पडतो? फोनमध्ये सिम असतं. मोबाइल टॉवरच्या कोडवरून फोनला देश कळतो. भारताचे हे कोड ४०४ आणि ४०५ ने सुरू होतात. बिचाऱ्या लॅपटॉपला सिम नाही, तो शेजाऱ्यांचं ऐकतो. म्हणून ‘माझ्या फोनवर तर चालतंय’ या वाक्यावर निकाल देऊ नका. आमचे तीन आठवडे त्या वाक्यापायीच गेले.

३. जमवाजमव

- एपी किंवा कंट्रोलरचा (अनेक एपी एकत्र चालवणाऱ्या यंत्रणेचा) अ‍ॅडमिन पासवर्ड. ज्याने बसवलं त्याच्याकडे तो असतो आणि तो माणूस नेमका फोन उचलत नाही, तेव्हा आधी हे काम करा.
- एपीच्या पाठीवरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता आला पाहिजे.
- खरेदीचं बिल. वॉरंटीत बदलून घ्यायची वेळ आली तर हेच चालतं.
- अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही मोफत अ‍ॅप. आयफोनवर असली अ‍ॅप फारसं दाखवत नाहीत.
- एक लॅपटॉप. मॅक असेल तर उत्तम. विंडोजवाला असेल तर लिनक्सचा बूट होणारा पेनड्राइव्ह तयार ठेवा. लिनक्स बसवायचं नाही, फक्त पेनड्राइव्हवरून चालू करायचं.
- एक लॅन केबल. वायफायची सेटिंग वायफायवरून बदलायला गेलात तर बसल्या फांदीवर कुऱ्हाड.
- सध्याच्या सेटिंगचा बॅकअप, आणि कागद-पेन.

४. लॅपटॉपला विचारा: बाबा रे, तू कुठे आहेस?

मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून धरा आणि वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. तपशिलांत कंट्री कोड दिसेल. आयएन दिसलं तर भारत. यूएस, सीएन, जेपी असं काही दिसलं तर चोर घरात आहे.

लिनक्सवर टर्मिनल उघडून आयडब्ल्यू, मोकळी जागा, रेग, मोकळी जागा, गेट, एवढं टाइप करा. उत्तरात देशाची दोन अक्षरं येतात. कधीकधी अक्षरांच्या जागी आकडे येतात आणि माणूस गोंधळतो. ००, म्हणजे देश माहीत नाही, म्हणून सगळ्या जगात चालेल तेवढंच करतोय. ९८, म्हणजे दोघांनी दोन देश सांगितले आणि दोघांतलं जे सामाईक तेवढंच उरलं. ९९, म्हणजे कार्डाच्या ड्रायव्हरने स्वतःचीच वेगळी यादी आणली आहे. ९८ दिसलं तर समजा की कार्डाच्या पोटात एक देश आहे आणि कानावर दुसरा पडतोय.

विंडोज हे सरळ सांगत नाही. तिथे उलट्या बाजूने जायचं. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच डब्ल्यूलॅन शो नेटवर्क्स मोड बरोबर बीएसएसआयडी ही आज्ञा द्या, ‘बरोबर’च्या जागी अर्थात बरोबरचं चिन्ह. दिसणाऱ्या प्रत्येक नेटवर्कचा चॅनेल कळतो. शेजारी फोनवर अ‍ॅनालायझर उघडा आणि दोन याद्या ताडून पाहा. फोनला १०० च्या पुढचे चॅनेल दिसतात आणि लॅपटॉपला त्यांतला एकही नाही, तर उत्तर मिळालं.

हे दिवसातून दोनदा करा, सकाळी आणि दुपारी. का ते पुढे कळेल.

५. खोटं कोण बोलतंय ते पकडा

लेखातला महत्त्वाचा भाग हाच, इथे घाई करू नका.

*पहिला संशयित, स्टिकर.* अमेरिकेत विकलेले बरेच एपी आणि राउटर त्या देशाला कुलूपबंद असतात. सेटिंगमध्ये देश बदलायची जागाच नसते, किंवा असते पण करडी, निवडता न येणारी. मॉडेल नंबरच्या शेपटीकडे पाहा. सिस्कोच्या एपींत शेवटचं अक्षर प्रदेश सांगतं, डी म्हणजे भारत, ए किंवा बी म्हणजे अमेरिका. इतर कंपन्याही शेवटी यूएस, ईयू, आयएन अशी अक्षरं लावतात. जुन्या बाजारातून स्वस्तात मिळालेला एपी ए किंवा बीचा निघाला तर स्वस्त का मिळाला ते कळलंच.

*दुसरा संशयित, तुमचीच सेटिंग.* हा सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात लाजिरवाणा. बसवणाऱ्याने पहिल्या पानावर देश न निवडता पुढे, पुढे, पुढे केलेलं असतं. कंट्रोलरवाल्या एपींत देश एका एपीला नसून पूर्ण साइटला असतो, तेव्हा एपीच्या पानावर शोधत बसू नका. साइटच्या सेटिंगमध्ये जा.

*तिसरा संशयित, आयपी पत्ता.* क्लाउडवरून चालणारे काही एपी देश विचारतच नाहीत. ते इंटरनेटवर ज्या आयपी पत्त्यावरून बाहेर पडतात, त्या पत्त्याचा देश कुठला हे बघून ठरवतात. तुमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस परदेशात असेल आणि सगळी रहदारी व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या खासगी बोगद्यातून) तिकडे जाऊन बाहेर पडत असेल, तर बडोद्याच्या अलकापुरीतला एपी स्वतःला जर्मनीत समजू शकतो. कधी व्हीपीएन नसतं, पण इंटरनेटवाल्याने परदेशातून घेतलेला पत्त्यांचा गठ्ठा वापरात आणलेला असतो आणि नकाशे ठेवणाऱ्यांच्या वहीत तो अजून जुन्याच देशाच्या नावावर असतो. तपासायला सोपं आहे. त्याच लाइनवरून ब्राउझरमध्ये आपला आयपी पत्ता कुठला दाखवतो ते दोन-तीन वेगवेगळ्या साइटवर पाहा.

*चौथा संशयित, शेजारी.* आमचा चोर हा निघाला.

प्रत्येक एपी सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाळी देतो. त्या हाळीला बीकन म्हणतात. २००१ साली आलेल्या ८०२.११डी या जोडनियमानुसार त्या बीकनमध्ये देशाचीही एक ओळ घालता येते. ओळ छोटीशी असते: देशाची दोन अक्षरं, मग घरात की बाहेर ते सांगणारं एक अक्षर किंवा मोकळी जागा, आणि त्यापुढे तीन-तीन आकड्यांच्या जुड्या. पहिला आकडा कुठल्या चॅनेलपासून, दुसरा किती चॅनेल, तिसरा जास्तीत जास्त ताकद किती. बाजारात फळीवर भाव लिहून ठेवतात तसंच हे. फळी वाचणारा लॅपटॉप ती खरी आहे का हे तपासत नाही.

ही ओळ बघायची असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा आणि सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० स्कॅन ही आज्ञा द्या. वायफाय कार्डाचं नाव तुमच्याकडे वेगळं असू शकतं, ते आयडब्ल्यू डेव्ह एवढंच टाइप केलं की कळतं. लांबलचक यादी येईल. प्रत्येक नेटवर्कच्या नावाखाली कंट्री अशी ओळ शोधा. वायरशार्क हे नेटवर्कची बडबड वाचायचं सॉफ्टवेअर वापरता येत असेल तर बीकनमधला ७ क्रमांकाचा टॅग पाहा, तीच ही ओळ.

आमच्या यादीत एक नेटवर्क होतं ज्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. २.४ वर, चॅनेल ६, आणि देश सीएन. लॅपटॉप हातात धरून मी शेडभर फिरलो. सिग्नल सगळ्यात जोरात कुठे, तर अकाउंट्सच्या खोलीच्या मागच्या भिंतीपाशी. भिंतीपलीकडे शेजारच्या युनिटने आणलेलं नवं कटिंग मशीन. त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फोनवरून डिझाइन पाठवायला वायफाय होतं. त्यांची पाळी अकराला सुरू होते, तेव्हा मशीन चालू होतं.

आता सगळं जुळलं. सकाळी लवकर उघडलेल्या लॅपटॉपला आमच्याच एपीकडून आयएन ऐकू येई आणि तो दिवसभर नीट चाले. अकरानंतर झोपेतून उठलेला किंवा रीस्टार्ट झालेला लॅपटॉप आधी २.४ चे चॅनेल चाळे, तिथे सीएन ऐके आणि मग १०८ कडे जायचंच सोडून देई. आमचा एपी १०८ वर बसून ‘भारत, भारत’ ओरडत होता, पण ते ऐकायला तिथे जायला तर हवं! आणि आमच्या २.४ च्या बीकनमध्ये देशाची ओळ कुणीतरी बंद करून ठेवली होती. म्हणजे भिंतीपाशी एकच आवाज, तोही चुकीचा.

फिरताना एक लक्षात ठेवा: चोर मोठ्या एपीतच असेल असं नाही. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, प्रिंटर, प्रोजेक्टर, परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या बॅगेतला छोटा राउटर, यांतलं काहीही बडबड करू शकतं.

६. आपला एपी दुरुस्त करा

लॅन केबल जोडा, बॅकअप घ्या, मग:

1. फर्मवेअर, म्हणजे एपीच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. २०१८ च्या आधीच्या फर्मवेअरमध्ये भारताची चॅनेलयादी जुनी असते, मधला १०० ते १४४ चा पट्टा त्यात नसू शकतो. देश बरोबर असूनही यादी आखूड दिसली तर बहुधा हेच कारण.
2. देश भारत निवडा. ‘ऑटो’ किंवा ‘वर्ल्ड’ वर ठेवू नका. मायक्रोटिक कंपनीच्या एपींत आणि ओपनडब्ल्यूआरटी या मोफत राउटर सॉफ्टवेअरमध्ये ही निवड वायरलेसच्या प्रगत सेटिंगमध्ये असते. एपीत दोन रेडिओ असतील तर दोन्हीकडे निवडा, एकाला भारत आणि दुसऱ्याला ‘ड्रायव्हर डिफॉल्ट’ असं अर्धवट राहून जातं.
3. ८०२.११डी किंवा देशाची माहिती प्रसारित करा असा पर्याय असेल तर दोन्ही पट्ट्यांवर चालू करा. आपला आवाज शेजाऱ्यापेक्षा मोठा असला पाहिजे.
4. सेव्ह करून एपी पूर्ण बंद-चालू करा. नुसत्या सेव्हने काही एपी जुनाच देश धरून बसतात.
5. ५२ ते ६४ किंवा १०० ते १४४ मधला चॅनेल असेल तर चालू झाल्यावर निदान एक मिनिट थांबा. या पट्ट्यांत रडारही असतात, म्हणून एपीला आधी ६० सेकंद कान देऊन रडार नाही ना ते पाहावं लागतं. तोवर नेटवर्क दिसणार नाही. रडार ऐकू आलं तर तो चॅनेल सोडून ३० मिनिटं तिथे परत यायचं नाही असा नियम आहे. या एका मिनिटात घाबरून पुन्हा सेटिंग उलटसुलट करणारे लोक मी पाहिलेत. आरशात.

आयपी पत्ता गुन्हेगार असेल तर आधी बघा की क्लाउडच्या पानावर देश हाताने लिहिता येतो का. येत नसेल तर एपीची स्वतःची रहदारी व्हीपीएनमधून न नेता इथल्या लाइनवरून थेट सोडा. पत्त्याची नोंदच चुकीची असेल तर इंटरनेटवाल्याला आणि एपीच्या कंपनीला लेखी तक्रार करा, सोबत पत्ता आणि स्क्रीनचा फोटो. त्यात दिवस जातात, तोवर खालची सातवी पायरी वापरा.

स्टिकर गुन्हेगार असेल तर इलाज एकच: बदलून घ्या. इंटरनेटवर कुलूप फोडायच्या युक्त्या मिळतात. त्यात एपीचा दगड होतो, वॉरंटी जाते, आणि एवढं करून हाती काही लागत नाही. नवा घेताना दुकानदाराला ईटीए आहे का विचारा. भारतात विकायच्या वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ही मंजुरी लागते. दुकानदाराने ‘एटले शुं?’ (म्हणजे काय?) असं तोंड केलं तर पुढचं दुकान.

७. खोटं बोलणारा दुसऱ्याच्या घरात असेल तर

शेजाऱ्याकडे आधी जाऊन बोला. आम्ही गेलो. ते शेठ भले माणूस निघाले, मशीन बंद करून दाखवलं, आमचा लॅपटॉप तिथल्या तिथे सुधारला. पण मशीनच्या पॅनेलमध्ये देशाची सेटिंग कुठे आहे ते त्यांनाही सापडलं नाही. मॅन्युअल पूर्ण चिनी भाषेत. कामाचं मशीन आमच्या वायफायसाठी बंद ठेवा म्हणणं शोभलं नसतं.

मग उरतो आपल्याकडचा उपाय, आणि तो एकदम साधा आहे. ५ गिगाहर्ट्झवर ३६, ४०, ४४ किंवा ४८ घ्या, आणि २.४ वर १, ६ किंवा ११. भारत, अमेरिका, चीन, जपान, युरोप, लॅपटॉप स्वतःला यांतल्या कुठल्याही देशात समजत असला तरी हे चॅनेल त्याला चालतात. रडारची वाट पाहणंही नाही. आम्ही १०८ वरून ४४ वर आलो त्या दुपारी अकाउंट्सचे काका जागेवरून उठून आले आणि ‘आता काय केलंस?’ असं संशयाने विचारून गेले.

याचा तोटा म्हणजे सगळेच या चार चॅनेलवर येऊन बसतात. बडोद्यातल्या मांडवीच्या गर्दीत स्कूटर घालण्यासारखं. अनेक एपी असतील तर फक्त त्रास होणाऱ्या खोलीजवळच्या एपीला ४४ द्या, बाकीचे १०० च्या पुढे राहू देत. चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झवरून ४० वर आणली तर चारांत दोन एपी सुखाने राहतात.

लॅपटॉपला समजवायचं असेल तर लिनक्सवर सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन. पण इंटेलच्या बऱ्याच कार्डांना तुमचं म्हणणं मान्य नसतं. देश ती स्वतः ठरवतात आणि आज्ञा मुकाट्याने गिळतात, ना चूक दाखवतात ना बदल करतात. आयडब्ल्यू रेग गेटच्या उत्तरात सेल्फ-मॅनेज्ड असं दिसलं तर तो नाद सोडा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत काही कार्डांना देशाचा किंवा ८०२.११डी चा पर्याय असतो. मॅकवर हाताने बदलायची सोय नाही. तिथे वायफाय बंद करायचं, आपल्या एपीच्या अगदी जवळ जायचं आणि पुन्हा चालू करायचं, एवढंच.

रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक वापरत असाल तर नव्या मेमरी कार्डावर देश निवडेपर्यंत त्याचं वायफाय बंदच असतं. बिघडलं समजून परत करायला जाऊ नका.

८. बडोद्यातले खास खड्डे

*अमेरिकेहून आलेली भेट.* दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याचा मुलगा न्यू जर्सीला असतो. दिवाळीत येताना टीव्हीला लावायची काडी घेऊन आला. ती घरचं वायफाय दाखवेना. ‘अरे, तिकडे तर चालत होतं म्हणे, तुमचं इथलंच काहीतरी वाईट,’ इति आत्या. तिचा राउटर ऑटोवर होता आणि स्वतःहून चॅनेल १३ वर जाऊन बसला होता. अमेरिकी काडीला ११ च्या पुढे जग नाही. राउटरला ६ वर बांधून टाकलं, दोन मिनिटांचं काम. त्यानंतर शेव-उसळ खायला लागली, तो भाग मी सहन केला.

मेश राउटरचा (एकमेकांना जोडून घरभर वायफाय देणाऱ्या राउटरांचा) संच येत असेल तर जास्त जपा. अमेरिकेचे दोन आणि तिसरा इथे विकत घेऊन जोडू, हा हिशेब बरेचदा फसतो. वेगळ्या देशाचे भाऊ एकमेकांना घरात घेत नाहीत. शिवाय ६ गिगाहर्ट्झवाला संच असेल तर अमेरिकेने २०२० मध्ये त्या पट्ट्यातले १२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले, भारतात एवढा पट्टा मोकळा नाही. अमेरिकेच्या सेटिंगवर तो संच इथे नको तिथे बोलेल. संच आणायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर सांगा की जाताना पेढे ने, पण राउटर आणू नकोस.

*ताकद वाढवायला दुसरा देश.* कुणीतरी हमखास सांगतं की देश बदलून अमुक करा, रेंज डबल होते. नका करू. एक तर ते नियमाबाहेर जातं. दुसरं, एपी ओरडला म्हणजे फोनचा आवाज वाढत नाही, फोनचं उत्तर एपीपर्यंत पोचायला हवं ना? आणि तिसरं, तुम्हीच तुमच्या शेजाऱ्यासाठी ते कटिंग मशीन होता.

*रीसेट.* कुणीतरी पिन टोचून एपी रीसेट करतं आणि देश पुन्हा कोऱ्यावर. फर्मवेअरच्या मोठ्या बदलानंतरही एकदा देश पाहून घ्या.

९. झालं का, ते असं तपासा

लॅपटॉप बंद करून उघडा, झोपवून उठवा, आणि जेव्हा त्रास व्हायचा त्याच वेळी तपासा. आमच्याकडे म्हणजे अकरानंतर, पलीकडचं मशीन घरघरत असताना. चौथ्या पायरीतला कोड पुन्हा बघा. तो अजूनही सीएन असू शकतो, आमच्या त्या मॅकबुकवर अधूनमधून असतोच. नेटवर्क दिसतंय आणि टिकतंय तोवर बिघडत नाही.

मग एका कागदावर लिहा आणि रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावा. आमच्या कागदावर असं आहे: देश आयएन. २.४ वर चॅनेल १, देशाची ओळ चालू. ५ वर अकाउंट्सजवळ ४४, बाकी १०८ आणि १४९, रुंदी ४०. फर्मवेअर कधी बदललं ती तारीख. आणि सगळ्यात खाली, काकांच्या अक्षरात गुजरातीत: विचारल्याशिवाय हात लावू नये.